पडदा हशासाठी थांबत नाही

सुहृदहो,

दशावतारात शंकासुराने एखादी कोपरखळी मारली आणि हशा उसळला, तर नट थांबतो, लोकांना मनसोक्त हसू देतो आणि हशा ओसरू लागला की नेमक्या क्षणी पुढचे वाक्य टाकतो. चित्रपटाला हे जमत नाही. मालवणजवळच्या आमच्या गावी, देवळासमोरच्या मैदानात विनोदी मूकपट पायपेटी-पखवाजाच्या साथीने दाखवायचे ठरले, तेव्हा आमची बहुतेक तयारी या एकाच अडचणीभोवती फिरत राहिली.

निवड झाली ती अमेरिकी विनोदी नट बस्टर कीटनच्या १९२८ सालच्या मूकपटाची. आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. पण जुन्या चित्रपटाच्या नव्या प्रतीवर चढवलेले संगीत अलीकडचे असू शकते आणि त्याचा हक्क वेगळा असतो, म्हणून प्रतीवरचा आवाज आम्ही पूर्ण बंद ठेवला. खरी चर्चा वेगळ्याच गोष्टीवर झाली. या चित्रपटाचा शेवट चक्रीवादळात होतो. मे २०२१ मध्ये तौक्तेने ज्यांच्या घरांची कौले उडवली, माड आडवे केले, त्यांना उडणारी छपरे दाखवून हसवायचे का, असे गावातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी विचारले. आम्ही त्यांच्याच ओटीवर बसून तो भाग त्यांना लॅपटॉपवर दाखवला. त्या हसल्या, आणि मग बराच वेळ आपल्या पडवीचे पत्रे कुणाच्या कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, सापडले ते सांगत राहिल्या. त्यानंतरच निवड पक्की झाली.

सर्वाधिक वेळ गेला तो वादकांच्या तालमीत. त्या वादळात एका घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून जाते. तो जागचा हलतही नाही. पहिल्या तालमीत पखवाजवादकाने भिंत झुकू लागताच थाप वाढवत नेली, जसे राक्षसाच्या प्रवेशाला करतात. वाजवणे उत्तम होते, पण काहीतरी घडणार हे त्याने आधीच सांगून टाकले. पुष्कळ चर्चेनंतर ठरले की वादळाचा घोष चालू असतानाच तिन्ही वाद्ये एकदम थांबवायची, भिंत नि:शब्द पडू द्यायची आणि कीटन पाय उचलेपर्यंत झांजही वाजवायची नाही. दशावतारातल्या माणसाला हात आवरून बसणे किती जड जाते, हे मी जवळून पाहिले आहे.

मैदान मोठे असले की आवाजाचा प्रश्न येतो. पडद्यापासून ४० मीटरवर बसलेल्या माणसाला चित्र लगेच दिसते, पण पडद्याशेजारच्या पखवाजाची थाप त्याच्यापर्यंत पोहोचायला सुमारे ०.१२ सेकंद लागतो. सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) हिशेबाने हा जवळजवळ तीन चौकटींचा उशीर आहे, आणि पडण्याच्या विनोदात तेवढाही खटकतो. तारेतून येणाऱ्या आवाजाला असा वेळ लागत नाही, म्हणून मागच्या ओळींसाठी मैदानाच्या मध्यावर दोन स्पीकर वेगळे लावले.

पडद्याचे काम मात्र आम्ही मच्छीमारांवर सोपवले, आणि ते योग्यच होते. २० फूट बाय १२ फूट कापड पोफळीच्या खांबांना ताणले की त्याचे शीड होते. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात त्यावर सुमारे १०० किलोचा जोर येतो आणि वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. दुपारचा खारा वारा संध्याकाळी पडतो, रात्री उशिरा मतलई वारा सुटतो. मधल्या शांत वेळेत खेळ बसवायचा, हा त्यांचा सल्ला. वरची कड नायलॉनच्या दोराने पक्की बांधून खालची त्यांनी बारीक सुतळीने बांधली, म्हणजे झोत आला तर सुतळी तुटावी आणि पडदा वाचावा.

राहिल्या इंग्रजी पाट्या, म्हणजे मूकपटात मधूनमधून पडद्यावर येणारा लिखित मजकूर. तो मालवणीत करून एका शिक्षिकेने माईकवर वाचायचा होता. तालमीला शाळेतली मुले बसवली, ती कुठे आणि किती वेळ हसतात ते घड्याळ लावून टिपले, आणि जी पाटी हशात बुडणार तिच्यापुढे वहीत फुली मारली. फुलीची पाटी वाचायचीच नाही, असे ठरले. प्रत्यक्ष खेळाच्या रात्री भिंत पडल्यावरचा हशा तालमीतल्या नोंदीपेक्षा कितीतरी लांबला; बाईंनी वही मिटून मांडीवर ठेवली आणि पखवाजवादक कीटनच्या पायांकडे पाहत हात उचलून थांबला.