आईचे दूध : शीवच्या मिल्क बँकेपासून पेशीपर्यंत

[दृश्य : शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय. बाह्यरुग्ण विभागासमोरची सकाळची रांग. त्यानंतर प्रसूतिपश्चात कक्षाचा लांब व्हरांडा.]

धारावीला लागून असलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात १९८९ साली आशियातील पहिली मिल्क बँक सुरू झाली. नवजात शिशुतज्ज्ञ आणि पुढे याच रुग्णालयाच्या अधिष्ठाता झालेल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेली बाळे अतिदक्षता विभागात असतात, त्यांच्यापैकी काहींची आई स्वतःच गंभीर आजारी असते, काहींच्या आईला अजून दूध उतरलेले नसते, आणि अशा बाळांना वरचे दूध दिले की त्यांच्या कोवळ्या आतड्यांना ते सोसत नाही. या बाळांसाठी दुसऱ्या आयांचे दूध सुरक्षितपणे मिळवणे, एवढेच या बँकेचे काम आहे.

हे दूध विकत घेतले जात नाही. स्वतःच्या बाळाचे पोट भरल्यावर जिचे दूध उरते अशी निरोगी बाळंतीण स्वेच्छेने ते देते. तिची संमती घेतली जाते आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सिफिलिस यांसाठी तिच्या रक्ताची तपासणी होते. जमा झालेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे ठेवून लगेच थंड केले जाते. त्यातील नमुना जंतूंसाठी तपासला जातो आणि अहवाल निर्दोष आला तरच ते दूध उणे २० अंशांवर गोठवून पुढे वापरले जाते. जगभरातील मिल्क बँका साधारण हीच पद्धत पाळतात. अशी पहिली बँक १९०९ साली व्हिएन्ना येथे बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिश यांनी काढली होती. ई. कोलाय या जिवाणूच्या नावातील ‘ई’ त्यांच्याच आडनावावरून आली आहे. बाळाच्या आतड्यातील जंतूंचा अभ्यास करणाऱ्या माणसाने दुधाची बँक काढावी, यात योगायोग फारसा नाही. त्याचे कारण या चित्रफितीत पुढे येईलच.

[दृश्य : नवजात अतिदक्षता विभाग. इन्क्युबेटरमधील बाळाचा पाय आणि त्यावरील ओळखपट्टी. परिचारिकेचे हात.]

दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ घालता येत नाही. त्यामुळे त्याच्या तोंडावाटे जठरापर्यंत एक बारीक नळी घातलेली असते. परिचारिका सिरिंजचा दट्ट्या काढून टाकते, सिरिंज नळीला जोडते, तिच्यात दोन मिलिलिटर दूध ओतते आणि ती बाळापासून थोड्या उंचीवर धरून ठेवते. दूध दाबाने ढकलायचे नसते. ते आपल्या वजनाने खाली उतरू द्यायचे असते. घाई केली तर बाळाचे पोट फुगते किंवा दूध उलटते. दोन मिलिलिटर म्हणजे अर्धा चमचाही नव्हे, पण तेवढे दूध उतरायला मिनिटे लागतात आणि परिचारिकेचा हात तेवढा वेळ हलत नाही.

हे पहिले थेंब शक्य तोवर त्या बाळाच्या आईचेच असावेत, यावर डॉक्टरांचा कटाक्ष असतो. बँकेतील दूध हा दुसरा पर्याय आहे. आई पलंगावर बसून स्वच्छ वाटीत हाताने दूध काढत असते. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाशी जेमतेम पिवळट थर दिसतो आणि ती हताश होऊन म्हणते, “सिस्टर, मला दूधच नाही.” त्यावर ठरलेले उत्तर येते : “ताई, हा चीकच आहे. एवढाच येतो. तीन तासांनी पुन्हा काढा, रात्रीसुद्धा.”

या उत्तरात, विशेषतः ‘रात्रीसुद्धा’ या शब्दात, गेल्या काही दशकांतील संशोधन सामावलेले आहे. दूध छातीत साठून राहिलेला पदार्थ आहे, ज्याच्या नशिबी आहे त्याला ते मिळते, अशी आपल्याकडे समजूत असते. प्रत्यक्षात स्तन्यनिर्मिती ही दिवसरात्र चालणारी क्रिया आहे आणि तिचा वेग किती दूध बाहेर काढले जाते यावर ठरतो.

[दृश्य : रेखाचित्र. दूधग्रंथी, त्यांभोवतीच्या स्नायुपेशी, नलिका.]

गरोदरपणाच्या मध्यापासूनच ग्रंथींमध्ये थोडा चीक तयार होऊ लागतो, पण वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक भरपूर दूधनिर्मिती रोखून धरते. प्रसूतीनंतर वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील प्रोलॅक्टिनला मोकळे रान मिळते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध ‘उतरते’. वारेचा एखादा तुकडा गर्भाशयात राहून गेला तर दूध उशिरा येते, याचेही कारण हेच आहे. बाळ चोखू लागले की प्रोलॅक्टिनची पातळी वाढते, आणि रात्री ती दिवसापेक्षा अधिक असते. रात्रीचे पाजणे टाळायचा सल्ला देणाऱ्या शेजारणीला हे ठाऊक नसते.

तयार झालेले दूध बाहेर येण्यासाठी ऑक्सिटोसिन लागते. ते ग्रंथींभोवतीच्या सूक्ष्म स्नायुपेशींना आकुंचित करते. बाळाचे रडणे कानावर पडताच, कधी नुसत्या आठवणीनेही, पान्हा सुटतो तो याच संप्रेरकामुळे. वेदना, भीती आणि संकोच यांनी तो अडतो. पडदा नसलेल्या गजबजलेल्या कक्षात किंवा सात माणसांच्या एका खोलीत नव्या आईला दूध येत नसेल, तर दोष तिच्या शरीराचा नसण्याचीच शक्यता अधिक असते.

तिसरे नियंत्रण स्तनातच असते. एका बाजूने जास्त पाजले आणि दुसऱ्या बाजूने कमी, तर दोन्हींकडे रक्तातील संप्रेरके सारखीच पोहोचत असूनही पहिल्या बाजूला दूध वाढते आणि दुसऱ्या बाजूला आटते. १९८० च्या दशकात स्कॉटलंडमधील हॅना संशोधन संस्थेत शेळ्यांवर झालेल्या प्रयोगांतून असे दिसले की साचून राहिलेले दूधच पुढची निर्मिती मंदावते. ऑस्ट्रेलियात पीटर हार्टमन यांच्या गटाने स्तनाचे आकारमान पाजण्याआधी व नंतर मोजून हाच निष्कर्ष आयांच्या बाबतीत काढला : स्तन जितका रिकामा, तितके नवे दूध वेगाने तयार होते. याच गटाच्या २००६ सालच्या अभ्यासात केवळ अंगावर पिणाऱ्या, १ ते ६ महिन्यांच्या बाळांनी दिवसाला सरासरी ७८८ ग्रॅम दूध घेतले आणि उपलब्ध दुधापैकी सरासरी ६७ टक्केच प्यायले. बाळ पिऊन झाल्यावरही दूध शिल्लक राहते, ही बाब ‘दूध पुरत नाही’ असे वाटणाऱ्या प्रत्येक घरात सांगायला हवी. स्तनाच्या बाह्य आकाराचा दिवसभरातील एकूण दुधाशी संबंध नसतो, हेही त्याबरोबर सांगावे.

या विषयाकडे विज्ञानाचे किती दुर्लक्ष झाले होते, याचे एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. स्तनातील नलिकांचे पाठ्यपुस्तकांतील चित्र ज्या कामावर आधारलेले होते, ते इंग्रज शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी मृत स्त्रियांच्या नलिकांत मेण भरून केलेले आणि १८४० साली प्रसिद्ध झालेले होते. तेच चित्र पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालू राहिले. २००५ साली हार्टमन यांच्या गटातील संशोधकांनी दूध पाजणाऱ्या स्त्रियांची सोनोग्राफी केली, तेव्हा स्तनाग्राजवळ दूध साठवणाऱ्या फुगीर पिशव्या आढळल्याच नाहीत आणि मुख्य नलिकांची संख्याही पुस्तकात दिलेल्या १५ ते २० ऐवजी सरासरी ९ निघाली. ज्या अवयवाच्या गाठी आणि सूज घेऊन रोज हजारो स्त्रिया दवाखान्यात येतात, त्याकडे पाहायला इतका उशीर व्हावा, हे खटकते.

[दृश्य : प्रयोगशाळा. काचेच्या नळीत वेगळे झालेले दुधाचे थर.]

आता खुद्द दुधाकडे वळू. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ७ ग्रॅम दुग्धशर्करा, सुमारे ४ ग्रॅम स्निग्धांश आणि जेमतेम १ ग्रॅम प्रथिने असतात. गाईच्या दुधात प्रथिने याच्या तिप्पट असतात आणि त्यांत केसीनचा वाटा मोठा असतो, म्हणून ते बाळाच्या पोटात घट्ट विरजते आणि मूत्रपिंडांवर भार टाकते. वासराला वर्षभरात जेवढे वाढायचे असते तेवढे माणसाच्या बाळाला वाढायचे नसते.

दुग्धशर्करा आणि स्निग्धांशानंतर आईच्या दुधातील तिसरा मोठा घन घटक बाळाला पचतच नाही, आणि या सगळ्या विषयातील हीच गोष्ट सर्वांत नवलाची आहे. ऑलिगोसॅकराइड नावाच्या या शर्करासाखळ्या एका लिटर दुधात ५ ते १५ ग्रॅम असतात आणि त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. बाळाला पचणार नाही असे अन्न आईचे शरीर एवढ्या खर्चाने का तयार करते, या प्रश्नाचे उत्तर मोठ्या आतड्यात मिळते. तेथील बिफिडोबॅक्टेरियम गटातील जिवाणू, विशेषतः इन्फॅन्टिस हा उपप्रकार, या शर्करांवर वाढतात, आतड्यात आम्लता निर्माण करतात आणि घातक जंतूंना जागा मिळू देत नाहीत. शिवाय काही शर्करा आतड्याच्या अस्तरावरील खुणांसारख्या दिसतात. रोगजंतू अस्तराला चिकटण्याऐवजी त्यांनाच चिकटतो आणि बाहेर पडतो. जंतूंचा अभ्यासक आणि दुधाची बँक यांचा मेळ तो असा.

चिकामध्ये ‘आयजीए’ नावाची प्रतिपिंडे आणि लॅक्टोफेरिन हे प्रथिन भरपूर असते. आईच्या आतड्यात किंवा श्वासमार्गात जो जंतू शिरतो, त्याची ओळख पटलेल्या पेशी तिच्या स्तनात येऊन त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडे दुधात सोडतात. म्हणजे धारावीतील एखाद्या गल्लीत जे जंतू फिरत असतात, त्यांच्याविरुद्धचे संरक्षण तेथे राहणाऱ्या आईच्या दुधातून तिच्या बाळाला मिळत असते. बंद डब्यातून ते मिळत नाही.

मिल्क बँकेच्या मर्यादाही येथेच कळतात. पाश्चरीकरणात ऑलिगोसॅकराइड जवळजवळ जशीच्या तशी राहतात, पण जिवंत पेशी आणि स्निग्धांश पचवणारे लायपेज नष्ट होते, आयजीएचा काही भाग आणि लॅक्टोफेरिनचा बराच भाग कमी होतो. शिवाय दूधदाती बहुधा पूर्ण दिवसांच्या बाळाची आई असते, आणि तिच्या दुधात प्रथिने अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईच्या दुधापेक्षा कमी असतात. म्हणून दात्याच्या दुधावर बाळाचे वजन हळू वाढते आणि त्यात पोषक भुकटी मिसळावी लागते. असे असूनही हे दूध का द्यायचे, तर वरच्या दुधावर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये आतड्याचा भाग सडण्याचा एनईसी हा जीवघेणा आजार दात्याच्या दुधावरील बाळांच्या जवळपास दुप्पट आढळतो.

आईच्या दुधात सर्व काही असते, असे सरसकट म्हणणे मात्र शास्त्राला धरून नाही. ड जीवनसत्त्व त्यात फार कमी असते, म्हणून बाळाला त्याचे थेंब द्यावे लागतात. बी-१२, आयोडीन आणि अ जीवनसत्त्व यांचे प्रमाण आईच्या आहारावर अवलंबून असते. पूर्ण शाकाहारी आणि दूधदुभतेही कमी खाणाऱ्या आईच्या बाळात बी-१२ ची कमतरता इतकी वाढू शकते की ते शिकलेले हसणे आणि मान धरणेही विसरते. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीने जरूर खावेत, पण तिच्या जेवणात दही, डाळी आणि चालत असेल तर अंडी-मासळी कमी पडू नये.

[दृश्य : चाळीतील खोली. कोनाड्यात गुटीची सहाण, मधाची बाटली.]

जन्मल्यावर मध चाटवणे, रोजची गुटी आणि उन्हाळ्यातले चमचाभर पाणी या तीन गोष्टी मुंबईत आजही सर्रास चालतात. मधात बॉट्युलिझम या आजाराच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आत तो देऊ नये. पाण्याचे म्हणाल, तर आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, आणि मे महिन्यातील मुंबईतही सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला वेगळे पाणी लागत नाही. आजीच्या हेतूबद्दल शंका नाही. प्रश्न उगाळलेल्या सहाणेच्या स्वच्छतेचा आणि चोखण्याच्या एका वेळेचा आहे, कारण चमचाभर पाण्याने भागलेले बाळ तेवढे कमी चोखते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या, तरी जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे ४१.८ टक्केच होती. रुग्णालयात येऊनही हा तास हातचा जातो, तो बाळ-बाळंतिणीला वेगळे ठेवण्याच्या सवयीमुळे आणि सिझेरियननंतरच्या धावपळीमुळे. वरच्या दुधाच्या जाहिरातीवर आणि मोफत नमुन्यांवर भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. डॉक्टरांनी ठोस कारणासाठी सांगितलेले वरचे दूध हा वेगळा मुद्दा आहे, आणि तसे दूध द्यावे लागणाऱ्या आईला कोणी बोल लावू नये.

[दृश्य : सकाळची लोकल, महिलांचा डबा. एसटी स्थानकावरील हिरकणी कक्षाची पाटी.]

२०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला यांपैकी काहीच मिळत नाही, आणि बाळाला घरी ठेवून सहा-सात तास बाहेर राहिले की साचलेले दूध स्तनाला निर्मिती कमी करण्याचा निरोप देते. म्हणून तिला घरी सोडण्यापूर्वी हाताने दूध काढायला शिकवणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. अंगठा आणि बोटे स्तनाग्राच्या काळसर भागाच्या कडेला ठेवायची, आधी छातीच्या दिशेने मागे दाबायची, मग एकमेकांकडे आणायची, आणि बोटे त्वचेवर घासू द्यायची नाहीत. काढलेले दूध झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवावे. बाहेर चार तास टिकते असे सांगितले जाते ते २५ अंश तापमान गृहीत धरून, त्यामुळे मुंबईच्या उकाड्यात शेजारच्या फ्रिजमध्ये जागा मागून घ्यावी. पाजण्यापूर्वी ते उकळू नये. भांडे कोमट पाण्यात धरावे, दूध हलकेच ढवळावे आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे, म्हणजे संध्याकाळी आई परतल्यावर बाळ अंगावर प्यायला कुरकुर करत नाही.