कॅमेरा सावकाश वळतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांना मी कधी भेटलो नाही, पण ज्यांच्या लिखाणानं मला सिनेमा बघायला शिकवलं, त्या प्राध्यापक टेशोमे गॅब्रिएल यांच्याविषयी आज बोलणार आहे.

जन्म 1939चा, इथिओपियातल्या टिचोचा. देशावर तेव्हा मुसोलिनीच्या फौजांचा कब्जा होता. पुढे ते अमेरिकेला गेले आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सत्तरच्या दशकापासून 2010 साली निधन होईपर्यंत शिकवत राहिले. हॉलिवूड तिथून हाकेच्या अंतरावर. त्याच्या अंगणात बसून हे गृहस्थ आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या सिनेमाची बाजू मांडत होते!

‘तिसरा सिनेमा’, म्हणजे हॉलिवूडचा साचा नाकारून लोकांच्या मुक्तीसाठी उभा राहणारा सिनेमा, हा शब्द अर्जेंटिनातल्या दिग्दर्शकांनी 1969 साली रुजवला. गॅब्रिएल यांनी 1982च्या आपल्या पुस्तकात त्याला सिद्धान्ताचं बळ दिलं. वसाहतवादाविरुद्ध लिहिणारे विचारवंत फ्रान्झ फॅनन यांच्या विचारांचा धागा धरून ते तिसऱ्या जगातल्या सिनेमाचे तीन टप्पे सांगतात: आधी हॉलिवूडची नक्कल, मग आपल्या मातीची आठवण, आणि शेवटी लढा.

पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते बारकाव्यात. क्लोजअप घ्या. एकाच चेहऱ्यानं पडदा भरला की भोवतालची माणसं पुसली जातात. तिसऱ्या जगातले दिग्दर्शक तो जपून वापरतात, कारण तिथे माणूस समाजासकट दिसावा लागतो. एखादा माणूस शेत ओलांडतोय. हॉलिवूड मधलं चालणं कापून टाकेल. इथे कॅमेरा त्याच्यासोबत सावकाश वळतो, त्याला लागतो तेवढा वेळ देतो. आपण त्याला ‘संथ’ म्हणून मोकळे होतो. गॅब्रिएल म्हणतात, हा दोष नाही, काळाकडे आणि जागेकडे बघण्याची ही वेगळी रीत आहे.

त्याच विद्यापीठात शिकलेले त्यांचे देशबांधव हैले गेरिमा यांचा ‘हार्वेस्ट: 3000 इयर्स’ हा 1976चा कृष्णधवल चित्रपट. जमीनदाराच्या शेतात राबणाऱ्या कुटुंबाची गोष्ट. पहिल्यांदा बघताना मी दोनदा घड्याळ पाहिलं होतं. गॅब्रिएल वाचल्यावर पुन्हा लावला. बैल, नांगर, मागून चालणारा माणूस आणि त्याच्या पलीकडे पसरलेलं रान, सगळं एकाच चौकटीत. ती जमीन केवढी आहे, आणि त्यातली वीतभरही त्याची नाही, हे मला तेव्हा दिसलं.