रिद्धपूरची किल्ली

(दृश्य: मोर्शी तालुका. संत्र्याच्या बागांमधून जाणारा रस्ता.)

हे रिद्धपूर, जिल्हा अमरावती. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास 'लीळाचरित्र', म्हणजे चक्रधरस्वामींचं चरित्र, लिहिलं ते या गावी. मराठी गद्याची सुरुवात आपण इथून मोजतो. पुढे चक्रधरांच्या महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या कुलपात घातल्या. ते कुलूप लोखंडाचं नव्हतं, अक्षरांचं होतं.

(दृश्य: जुनी पोथी, जवळून.)

चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी बसवली. युक्ती अशी, की एका अक्षराच्या जागी दुसरं लिहायचं. समजा, क ऐवजी ट आणि प ऐवजी न असं ठरलं, तर कापूस लिहिताना कागदावर 'टानूस' उमटेल. कोणाच्या जागी कोण, हा तक्ता म्हणजे किल्ली. ती पंथातल्यांकडेच. बाहेरच्यांसाठी या पोथ्या कित्येक शतकं मुक्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपी उकलली, तेव्हा कुठे जुन्या मराठीचं हे भांडार सगळ्यांसाठी उघडलं. गूढलेखनाचा एवढा जुना, एवढा मोठा प्रयोग आपल्या मराठीत झाला, हे शाळेत कुणी सांगितलं नाही याची मला हळहळ वाटते.

या कुलपात एक कच्चा दुवा असतो. अक्षराचा वेश बदलतो, सवय बदलत नाही. 'लीळाचरित्रा'त 'सर्वज्ञें म्हणीतलें', म्हणजे चक्रधर म्हणाले, हे शब्द पानोपानी येतात. खुणांची तीच रांग पुन्हा पुन्हा दिसली, की जाणत्याला धागा सापडतो. अक्षरं मोजून कूट फोडायची रीत अरब पंडित अल-किंदी यांनी नवव्या शतकातच लिहून ठेवली होती.

दुसरी अडचण त्याहून मोठी. लिहिणाऱ्याकडे आणि वाचणाऱ्याकडे किल्ली एकच. मग ती दूरच्या माणसापर्यंत पोचवायची कशी? वाट १९७६ साली डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी दाखवली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी त्यासाठी गणित शोधलं. उघडी कुलपं गावभर वाटा, कुणीही आपली पेटी लावून पाठवू दे, पण उघडणारी किल्ली तुमच्या घरीच. ६१ गुणिले ५३ म्हणजे ३२३३, हे पोरगंही करेल. नुसते ३२३३ देऊन ते दोन आकडे शोधायला सांगा, वेळ लागतो. ३२३३ हे उघडं कुलूप, ते दोन आकडे घरची किल्ली. खऱ्या कुलपात ही संख्या सहाशेहून जास्त अंकी असते.

(दृश्य: गावातलं किराणा दुकान. काउंटरवर क्यूआर कोड.)

पैसे पाठवताना टाकलेला पिन मोबाइलमध्येच कुलूपबंद होऊन निघतो. दुकानदारालाही तो दिसत नाही. म्हणून ठग कुलपाच्या वाटेला जात नाही, तो कास्तकाराला फोन करतो: "अनुदान जमा करायचंय, पिन टाका." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला, की पैसे जातात.

(दृश्य: एक मावशी. मोबाइल पदराआड.)

"आले का रे भाऊ पैसे?"

"आले, मावशी."