एकच विकर, दोन उलटी कामे

घोणस चावलेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयात आला, की डॉक्टर त्याचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर ते पाण्यासारखे वाहिले, तर प्रतिविष सुरू करतात. रक्त गोठू न देणारे हेच विष रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले गेले आहे, हे ऐकायला विसंगत वाटते.

प्रत्यक्षात घोणशीचे विष रक्त गोठवणारेच आहे. त्यातील एक विकर (एन्झाइम) रक्त गोठवणाऱ्या, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या घटकांपैकी दहाव्याला, तर दुसरे पाचव्याला चालना देते. त्यातून थ्रॉम्बिन हे विकर तयार होते आणि थ्रॉम्बिनमुळे रक्तातील फायब्रिनोजेन या प्रथिनाचे फायब्रिनच्या तंतूंत रूपांतर होते. दंशानंतर ही क्रिया शरीरभर एकाच वेळी चालते, फायब्रिनोजेन संपते, आणि मग हिरड्यांतून रक्त येऊ लागले तरी गुठळी बांधायला सामग्रीच उरत नाही.

1934 मध्ये लंडनचे डॉक्टर रॉबर्ट ग्विन मॅकफार्लेन यांनी तेथील प्राणिसंग्रहालयातील सर्पतज्ज्ञ बर्जेस बार्नेट यांच्यासह निरनिराळ्या सापांची विषे तपासली आणि घोणशीचे विष निवडले. दहा हजारांत एक भाग इतके पातळ केलेले हे विष हिमोफिलियाच्या रुग्णाच्या जखमेवर, विशेषतः दात काढल्यानंतरच्या खाचेत, बोळ्याने लावले असता रक्त गोठत असे. हिमोफिलियात आठवा किंवा नववा घटक कमी असतो. विषातील विकर ती पायरी वगळून थेट दहाव्या घटकावर काम करते. हा खुलासा नंतरच्या काळातला आहे, आणि 1964 मध्ये रक्त गोठण्याची पायऱ्यापायऱ्यांची साखळी मांडणाऱ्यांत हेच मॅकफार्लेन होते, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

आज आपल्याकडे शस्त्रक्रियेत आणि दंतोपचारांत रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाणारे हिमोकोॲग्युलेज हे औषध दक्षिण अमेरिकेतील बोथ्रॉप्स सापांच्या विषापासून मिळते. हे साप आपल्या चापड्याच्या कुळातले. त्यातील बॅट्रॉक्सोबिन हे विकर थ्रॉम्बिनचीच नक्कल करते, पण अर्धवट. थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन्ही तुकडे तोडते, बॅट्रॉक्सोबिन फक्त ‘अ’ तोडते. शिवाय जाळे घट्ट विणणाऱ्या तेराव्या घटकाला ते थ्रॉम्बिनसारखे जागे करत नाही, त्यामुळे तयार होणारे फायब्रिन सैल असते आणि लवकर विरघळते. रक्त गोठू न देणाऱ्या हिपॅरिन या औषधाचा मात्र बॅट्रॉक्सोबिनवर परिणाम होत नाही. म्हणून रक्ताच्या नमुन्यात हिपॅरिन मिसळले आहे का, हे ओळखायलाही प्रयोगशाळा त्याचा उपयोग करतात.

या सैलपणामुळेच मोठ्या मात्रेत बॅट्रॉक्सोबिन नेमके उलटे काम करते: फायब्रिनोजेन खर्ची पडते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती कमी होते. चीन आणि जपानमध्ये ते या कामासाठीही दिले गेले आहे. त्यामुळे जखमेवर लावायला हे औषध मला पटते. पण रक्त थांबत नाही म्हणून त्याची इंजेक्शने दिवसामागून दिवस द्यायची, आणि फायब्रिनोजेन एकदाही मोजायचे नाही, ही पद्धत मला धोक्याची वाटते, कारण अशा रुग्णांत ते घसरल्याच्या नोंदी आहेत आणि तेव्हा वाढलेला रक्तस्राव मूळ आजाराचा की औषधाचा, हे नुसते पाहून सांगता येत नाही.