बाकीचे प्रोसेसर तेव्हा काय करतात?

(जळगावात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानातून)

मित्रांनो, समांतर संगणक, म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसरांत (हिशेब करणाऱ्या भागांत) वाटून एकाच वेळी करणारा संगणक, म्हटला की लोक आधी विचारतात, त्यात प्रोसेसर किती? मी आधी विचारेन, एक प्रोसेसर कामात असताना बाकीचे काय करतात?

रावेरकडची केळीची कापणी तुम्ही पाहिलेली आहे. कापणारे दहाचे वीस केले, पण वजनकाटा एकच ठेवला, तर घड काट्यापाशीच साचणार. अमेरिकी संगणक-रचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं. प्रोग्रॅमचा ५ टक्के भाग एकापाठोपाठ एकच चालणारा असेल, तर १०० प्रोसेसर लावून वेग जेमतेम १७ पट होतो आणि १००० लावले तरी २० पटीला पोचत नाही.

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या जॉन गुस्ताफसन यांनी दुसरी बाजू दाखवली. मोठं यंत्र हाती आलं की माणूस गणितही मोठं घेतो. तशी गणितं घेऊन त्यांच्या गटाने १०२४ प्रोसेसरांवर हजारपटीहून जास्त वेग मिळवला. हवामानाचंच बघा. अंदाजाची जाळी, म्हणजे नकाशावर ज्या बिंदूंपाशी हिशेब करतात त्यांच्यातलं अंतर, १२ किलोमीटरवरून ६ वर आणली की बिंदू चौपट होतात, वेळेचे टप्पेही साधारण निम्मे घ्यावे लागतात. हिशेब आठपट! धुळ्याला पाऊस आणि अमळनेर कोरडं, हे आपल्या कापूसवाल्यांना रोजचंच. त्यांच्यासाठी ही जाळी बारीक व्हायलाच हवी.

मात्र ही जाळी तुकडे करून वाटली की प्रत्येक प्रोसेसरला आपल्या तुकड्याच्या कडेचे आकडे शेजाऱ्याला पाठवावे लागतात. तुकडे लहान होत गेले की आतलं काम भराभर घटतं, कडा तेवढ्या घटत नाहीत. म्हणून रचना करताना जोडणीचा विचार आधी हवा. पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये केलेला ‘परम ८०००’ हा सुपरकॉम्प्युटर ट्रान्सप्युटर चिपांवर उभा होता, आणि त्या चिपमध्येच शेजाऱ्यांशी जोडायचे चार दुवे होते. मला ती निवड फार आवडते.

प्रोसेसरांचा वेळ असा वाया जाताना बघायला सुपरकॉम्प्युटर लागतो असं समजू नका. तुमच्या लॅपटॉपवर चार थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या चार वाटा, चालवा. प्रत्येकाला मोजणीसाठी ॲरेमधला (स्मृतीतल्या रकान्यांच्या रांगेतला) स्वतःचा एक रकाना द्या, आठ बाइटचा. कोणी कोणाच्या रकान्याला हात लावत नाही. तरीही चारही थ्रेड मिळून एकट्यापेक्षा हळू चाललेले दिसू शकतात. कारण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या लहान, वेगवान स्मृतीत, माहिती रकान्याने येत नाही, बहुतेक यंत्रांत ६४ बाइटच्या ओळीने येते. चारही रकाने एकाच ओळीत बसतात. एका कोअरने (चिपमधल्या एका प्रोसेसरने) लिहिलं की बाकीच्यांकडची ती ओळ बाद होते, पुन्हा आणावी लागते. कोडमध्ये चूक नाही, उत्तरही बरोबर येतं, वेळ मात्र वाया जातो. रकाने ६४-६४ बाइट अंतरावर ठेवा आणि पुन्हा मोजा.

दोन्ही वेळा घड्याळाबरोबर कॅश किती वेळा चुकली, म्हणजे हवी ती माहिती तिच्यात सापडली नाही, तेही मोजा. लिनक्सवर ‘पर्फ’ नावाचं साधन त्यासाठी फुकट मिळतं. प्रकल्पाच्या अहवालात मला नुसता वेग नको, वेळ कुठे गेला त्याचा हिशेब हवा.