कम्युनिटी कॉलेजातलं गणित: कोणी कुठून सुरू करावं?

(कॅलिफोर्नियातल्या एका मराठी मंडळात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

पत्रिकेत छापलेला विषय मी बोलणार आहे, काळजी नको. पण आधी एक तक्रार, कारण माईक काही रोज हातात येत नाही.

आपल्या पार्ट्यांमध्ये "मुलगा कुठे असतो?" असं विचारलं की बर्कलीचं उत्तर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. कम्युनिटी कॉलेज, म्हणजे मी जिथे गणित शिकवते तसलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, असेल तर आवाज एकदम खाली, आणि लगेच शेपूट: "सध्या. मग विद्यापीठात ट्रान्सफर घेणारे." हीच मंडळी मे महिन्यात मला फोन करतात. "ताई, समरला लिनिअर अल्जेब्रात सीट होईल का? धाकटी इलेव्हन्थला आहे, शाळेतलं गणित संपवून बसलीये." होईल की! इथल्या रहिवाशांना युनिटला, म्हणजे कोर्सच्या एका श्रेयांकाला, ४६ डॉलर, २०१२ पासून तेवढेच. शाळकरी मुलांना तीही फी बहुधा माफ. फुकट मिळालं की कॉलेजचा दर्जा आपोआप वाढतो. (हशा) हसताय म्हणजे फोन करणारे इथेच बसलेत.

कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. तुम्ही अठरा वर्षांचे आहात? या. शाळा सोडून तीस वर्षं झाली? तरी या. दार सगळ्यांना उघडं. पण गणिताच्या बाबतीत आत पाऊल टाकलं की समोर जिना असायचा. अंकगणित, मग प्रीअल्जेब्रा, मग एलिमेंटरी अल्जेब्रा, मग इंटरमीजिएट अल्जेब्रा, आणि त्याच्यावर पहिला असा कोर्स, जो विद्यापीठ पदवीत मोजतं. तुम्ही कुठल्या पायरीवर, हे एक कॉम्प्युटरवरची परीक्षा ठरवायची.

या परीक्षेपायी माझं कित्येकांशी भांडण झालंय. एक बाई आल्या होत्या, साताऱ्याकडच्या, पन्नाशीच्या. बी.कॉम. गावच्या पतपेढीत वीस वर्षं खतावणी सांभाळलेली. मुलाकडे आल्या, ग्रीन कार्ड झालं, म्हणाल्या अकाउंटिंगचं काहीतरी करते. परीक्षा दिली. उत्तर चुकलं की पुढचा प्रश्न सोपा येणारी ती परीक्षा. एका प्रश्नात निकेल आणि डाईम. आता निकेल आकाराने मोठं, किंमत पाच सेंट. डाईम चिमुकलं, किंमत दहा. देशात येऊन महिना झालेल्या माणसाला हे कोण सांगणार? बाईंनी मोठ्या नाण्याला मोठी किंमत दिली. पुढे इंच, फूट, गॅलन, क्वार्ट. निकाल: अंकगणित. पहिली पायरी!

त्या माझ्या वर्गात येऊन बसल्या. मी फळ्यावर साडेतीन गुणिले अठरा लिहिलं. साडेतीनचा अपूर्णांक करा, सात छेद दोन, हे मी सांगेपर्यंत मागून आवाज आला, "त्रेसष्ट." वडिलांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी सगळं घोकून घेतलेलं. इथे औटकी किती जणांना येते? हात वर करा. दोन. आणि ते दोघे सत्तरीच्या पुढचे. साडेतीन मुहूर्त पाळणारी आपण माणसं, साडेतीनचा पाढा मात्र गेला तो गेलाच. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय, मंडळाने बोलवावं.

बाईंना ए मिळाला. पुढच्या सत्रात प्रीअल्जेब्राचा वर्ग दुपारी, नोकरीही दुपारी. आल्याच नाहीत. गणित येतं की नाही, याचा या सगळ्याशी काही संबंध होता का? आज त्या एका ऑफिसात लोकांचे टॅक्सचे कागद तयार करतात.

आता त्या जिन्याचा हिशेब करा. समजा प्रत्येक कोर्सला शंभरातले सत्तर पास होतात, जे वाईट नाही. पाच कोर्स. शंभराचे सत्तर, एकोणपन्नास, चौतीस, चोवीस, सतरा. आणि हे पास झालेला प्रत्येक जण पुढच्या सत्रात परत येतो असं धरून. तसं होत नाही. प्रत्येक शिक्षक म्हणतो माझा निकाल चांगला, आणि वर पोचतात सतरासुद्धा नाहीत.

अध्यक्षांनी पाच मिनिटांची चिठ्ठी दिलीये, बटाटेवडे आले असावेत. मूळ विषय भराभर सांगते.

२०१७ साली ए.बी. ७०५ हा कॅलिफोर्नियाचा कायदा झाला, २०१९ च्या फॉल सत्रापर्यंत सगळीकडे लागू. प्लेसमेंटची ती परीक्षा गेली, हायस्कूलचे ग्रेड बघायचे, आणि विद्यार्थ्याला वर्षभरात विद्यापीठ मोजेल असा कोर्स पूर्ण करता आला पाहिजे. म्हणून नर्सिंग, सायकॉलॉजी, समाजशास्त्र, अशा वाटेने जाणाऱ्यांनी सरळ स्टॅटिस्टिक्स घ्यावं, सोबत जादा तासांचा सपोर्ट वर्ग लावून. पुस्तकाला पैसे घालू नका. डी अँझा कॉलेजातल्या दोन प्राध्यापिकांचं स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक ओपनस्टॅक्स नावाच्या साइटवर फुकट आहे.

इंजिनिअरिंगवाल्यांना कॅल्क्युलसचे तीन भाग, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स. कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात धरला जातो ते असिस्ट नावाच्या साइटवर बघा, शेजाऱ्याच्या मुलाला विचारू नका. आणि शाळकरी मुलांच्या आईबाबांनो, इथला ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचा राहतो. समरला हौसेने घेतलेल्या कॅल्क्युलसमधला सी पुढे अर्ज करताना दाखवावाच लागतो.

माझं मत विचाराल तर २०१७ च्या कायद्याच्या बाजूने मी भांडले आहे. २०२२ चा ए.बी. १७०५ मात्र कॅल्क्युलसखालच्या पायऱ्याही काढायला बघतो, तिथे मी थांबते. स्टॅटिस्टिक्सला इंटरमीजिएट अल्जेब्राचा फार थोडा भाग लागतो, म्हणून ती पायरी काढली तर बिघडत नाही. कॅल्क्युलसला त्रिकोणमिती पानोपानी लागते. माझ्या वर्गात डेरिव्हेटिव्ह बरोबर काढून पुढे सुलभ रूप देताना घसरणारेच जास्त. कॅल्क्युलसआधीचा वर्ग नको असेल तर तेवढे तास सपोर्ट वर्गाला द्या, आणि ते शिकवणाऱ्या अर्धवेळ शिक्षकांना तेवढ्या तासांचा पगारही द्या. ही दुसरी तक्रार. हिला वेळ नाही. अध्यक्ष उभे राहिलेत.