वारा कुठल्या बाजूने होता?

(नागपुरात छायाचित्रकारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. 'शिडाच्या बोटींच्या शर्यतीचे फोटो आणि त्यांचं संपादन' असा विषय जाहीर झालाय. पत्रिका वाचून दोघा-तिघांनी मला फोन केला, की भाऊ, नागपुरात बसून हा विषय कशाला? समुद्र इथून सातशे किलोमीटर. प्रश्न रास्त आहे. पण शिडाला समुद्रच लागतो असं नाही. मोकळं पाणी आणि वारा असला की झालं. हैदराबादचा हुसेनसागर आपल्यापासून पाचशे किलोमीटरवर, भोपाळचा मोठा तलाव त्याहूनही जवळ. दोन्हीकडे शर्यती होतात. भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिकलेली नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. तिने २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या एशियाडमध्ये आयएलसीए ४ या छोट्या बोटीच्या प्रकारात रौप्यपदक जिंकलं. त्याच स्पर्धेत विष्णू सरवणनने आयएलसीए ७ मध्ये कांस्य मिळवलं. आपल्याकडे तेव्हा या बातम्या कुणी फारशा वाचल्या नाहीत, आणि त्यात आपला दोष नाही. तीनच दिवस आधी अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नागनदीकाठच्या घराघरांत पाणी शिरलं होतं. लोक गाद्या वाळवत होते.

वाऱ्याचं म्हणाल, तर नागपूरकराला तो शिकवावा लागत नाही. संक्रांतीला गच्चीवर चढलेलं दहा वर्षांचं पोरगंसुद्धा समोरच्या झाडाची पानं बघून सांगतं, की आता वारा फिरला, ढील दे. शिडाची बोट चालवणारा दिवसभर हेच करत असतो, फक्त तो स्वतः पतंगावर बसलेला असतो. हात वर करा, किती जणांनी मांजा धरलाय? बघा, सगळेच. मग पुढचं सोपं आहे.

माझं एकच म्हणणं आहे. शर्यतीच्या फोटोत वारा कुठल्या बाजूने होता हे दिसलं पाहिजे. ते दिसलं तर कोण पुढे आहे, कोण अडचणीत आहे, कुणाचा हक्क आहे, सगळं कळतं. ते दिसलं नाही, तर तुषार कितीही सुंदर उडालेले असोत, तो पाण्यावरच्या पांढऱ्या त्रिकोणाचा फोटो झाला. शर्यतीचा नाही झाला.

हक्काचं थोडक्यात सांगतो. वारा बोटीच्या उजव्या बाजूवर येत असेल, तर ती बोट स्टारबोर्ड टॅकवर. तेव्हा शीड आणि बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, डावीकडे झुकलेले असतात. वारा डावीकडून असेल तर पोर्ट टॅक, बूम उजवीकडे. शर्यतीच्या नियमपुस्तकातला दहावा नियम असा, की दोन बोटी वेगवेगळ्या टॅकवर असतील, तर पोर्टवालीने स्टारबोर्डवालीपासून दूर राहायचं. म्हणून पाण्यावर सारखी आरोळी ऐकू येते, 'स्टारबोर्ड!' म्हणजे बाजूला हो, हक्क माझा आहे. ट्रॅफिक पोलीस नाही, सिग्नल नाही, सगळा कारभार या एका आरोळीवर. एवढं डोक्यात ठेवा, आता लागणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका तलावावर मुलांच्या शर्यती होत्या. तलावाचं, संस्थेचं नाव सांगत नाही. आयएलसीए ४ च्या बोटी होत्या. ही बोट जेमतेम सव्वाचार मीटर लांब, एकाच माणसाची. आयएलसीए ४, ६, ७ या तिन्हींचा सांगाडा एकच असतो, डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड तेवढं बदलतं. सगळ्यांत लहान शीड ४ चं, ४.७ चौरस मीटर. तर त्या शर्यतीत वारा येतो त्या दिशेने चढत जाण्याच्या टप्प्यात एक मुलगी स्टारबोर्डवर येत होती आणि एक मुलगा पोर्टवर. दोघं एकमेकांच्या वाटेत येणार हे मला आधीच दिसत होतं. मी लेन्स लावून बसलो होतो. मुलीचा चेहरा टोपीच्या सावलीत होता. ती बोटीच्या बाहेर इतकी लवलेली, की वेणीचं टोक पाण्याला टेकलं होतं. एका हातात शिडाचा दोर, दुसऱ्यात सुकाणूचा दांडा, आणि तोंड पूर्ण उघडं. 'स्टारबोर्ड' मधला 'स्टा' होता तो. मुलाने शेवटच्या क्षणी दांडा ढकलला. त्याची बूम डोक्यावरून जातेय, तो खाली वाकलाय, शीड मधोमध फडफडतंय. दोन बोटींच्या नाळांमध्ये, म्हणजे पुढच्या टोकांमध्ये, पाण्याची एक पट्टी उरलेली. मी आजवर काढलेल्या फोटोंतला हा मला सर्वांत आवडणारा फोटो. कारण सगळा दहावा नियम त्यात आहे, आणि नियम पाळला गेल्याचा क्षण आहे.

तो फोटो एका स्मरणिकेने मागितला. मी आनंदाने दिला. छापून आला, तेव्हा बोटी उलट्या दिशेने जात होत्या.

म्हणजे फोटो आरशात बघावा तसा फिरवला होता. विचारल्यावर समजलं, की तो उजव्या पानावर होता आणि मुलीची बोट पानाबाहेर निघालेली दिसत होती. मांडणी करणाऱ्याला बोट पानाच्या आत शिरताना हवी होती. मांडणीचा हा संकेत मलाही ठाऊक आहे, आणि चेहऱ्यांच्या, मोटारींच्या फोटोंना तो ठीकच आहे. पण फिरवल्यावर शिडावरचे आकडे उलटे दिसायला लागले. मग त्याने ते आकडे पुसले. अगदी सफाईने पुसले, शिडाची शिवणसुद्धा पुन्हा जुळवली. हुशार माणूस असणार.

आता सांगा, काय झालं? स्टारबोर्डवाली मुलगी पोर्टवर गेली. पोर्टवरचा मुलगा स्टारबोर्डवर आला. जिचा हक्क होता तीच आता घुसखोर, आणि वर आरडाओरडा करणारी. खाली ओळ काय, तर 'चुरशीचा क्षण'. ज्यांना शिडातलं काही कळत नाही त्यांना फोटो छानच वाटला. पण ती स्मरणिका वाटली कुणाला? बोटी चालवणाऱ्या मुलांना, त्यांच्या प्रशिक्षकांना, पंचांना. ज्यांना बूम बघताक्षणी टॅक कळतो, नेमक्या त्या माणसांना. त्या मुलीला तिच्याच क्लबातली पोरं विचारायला लागली, की पोर्टवर होतीस आणि वर ओरडतेस? तिच्या वडिलांचा मला फोन आला. गृहस्थ अतिशय सभ्य. म्हणाले, 'साहेब, ती खोटं बोलत नाही हो.' मी त्यांना मूळ फाइल पाठवली, क्लबलाही पाठवली, आणि स्मरणिकेला दुरुस्ती छापायला सांगितलं. उत्तर आलं, की फोटो तोच आहे, फक्त दिशा बदलली, इतकं काय त्यात? दुरुस्ती आजतागायत आलेली नाही.

इतकं काय त्यात, ते सांगायलाच मी आज इथे उभा आहे. शिडाच्या शर्यतीत दिशा हीच घटना असते. क्रिकेटचा फोटो फिरवला तर उजवा फलंदाज डावखुरा होतो, आणि नागपुरात ती चूक पानवालासुद्धा पकडेल. इथे पकडणारे कमी, म्हणून ती खपून जाते.

आकड्यांचंही ऐका. शिडावर दोन्ही बाजूंना आकडे असतात, आणि नियम असा की उजव्या, म्हणजे स्टारबोर्ड बाजूचे आकडे डाव्या बाजूच्या आकड्यांपेक्षा वर लावायचे. सूर्य शिडामागे असला की पातळ कापडातून दोन्ही रांगा दिसतात, एक सुलटी, एक उलटी. वरची रांग सुलटी वाचता आली, तर तुम्ही शिडाची स्टारबोर्ड बाजू बघताय. चित्रातच साक्ष ठेवलेली असते. ती त्या भल्या माणसाने पुसली.

मात्र फोटो म्हणजे पुरावा, असं उद्या कुणी छातीठोक म्हणेल, तर तेही तपासून घ्या. नियमपुस्तकाच्या परिशिष्टात निवाडा समितीसाठी सूचना आहेत. त्यांत म्हटलंय, की एका कॅमेऱ्याच्या चित्रात खोलीचा अंदाज फार कमी येतो, आणि टेलिफोटो लेन्समधून तर येतच नाही. दोन बोटी अगदी बाजूने टिपल्या, तर त्यांच्यात किती अंतर होतं ते ठरवता येत नाही. किती शहाणपणाची सूचना आहे! म्हणजे चारशे मिलिमीटरच्या लेन्सने 'थोडक्यात वाचले' असा फोटो आला, तरी मध्ये दहा मीटर पाणी असू शकतं. लेन्स अंतर खाते, टॅक खात नाही. टॅक फक्त माणूस खातो.

इथे मला फ्रँक बेकन यांचं नाव घेतलंच पाहिजे. इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट बेटावर काउझ नावाचं गाव आहे, शिडाच्या शर्यतींची पंढरी म्हणा. बेकन कुटुंबाने तिथे पिढ्यान्‌पिढ्या शर्यती टिपल्या. हलत्या बोटीत उभं राहून काचेच्या प्लेटवर फोटो काढायचा, म्हणजे दोन्ही हात कॅमेऱ्याला हवेत. मग शटर कोण दाबणार? त्यांनी पेटीसारखा कॅमेरा बनवून घेतला आणि शटरला रबरी फुगा जोडला. फुगा दातात धरायचा आणि चावायचा. एका चाव्याला एक प्लेट. आपण एका सेकंदात वीस फ्रेम घेतो. बेकन यांना चावण्याआधी ठरवावं लागे, की वारा कुठे आहे आणि पुढच्या क्षणी ही बोट काय करणार. ते आधी ठरवणं आपल्यालाही चुकलेलं नाही.

फोटो काढताना तुमची मोटरबोट कुठे असावी, हे कॅमेऱ्याच्या सेटिंगपेक्षा महत्त्वाचं. स्पर्धकांच्या वाऱ्याच्या बाजूला चिकटून उभं राहायचं नाही, त्यांचा वारा अडतो. त्यांच्या पुढून वेगाने जायचं नाही. मोटरबोटीची लाट तुम्हाला काहीच वाटत नाही, पण ऑप्टिमिस्ट ही पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची बोट आहे, सांगाडा सगळा पस्तीस किलोचा. त्या लाटेने तिचा वेग पार मरतो. सुरुवातीच्या वेळी, म्हणजे पाच मिनिटांची सूचना झाल्यापासून, पंच ज्या रेषेवर डोळा लावून बसलेत त्या रेषेत यायचं नाही. वळणाच्या बोयाजवळ, म्हणजे तरंगत्या खुणेजवळ, आधी चालकाला विचारून घ्यायचं, की बोटी कुठून येणार आणि कुठे जाणार, आणि मग दोन्ही वाटा सोडून थांबायचं. लेन्स बोटीच्या कठड्यावर टेकवू नका, इंजिनची थरथर थेट फोटोत उतरते. कोपर अंगाशी, गुडघे सैल. शटर सेकंदाच्या हजारांशापेक्षा हळू ठेवू नका. तुषार सुटे सुटे हवे असतील तर एक भागिले दोन हजार सेकंद. पोलरायझर बऱ्याच जणांचा आवडता, पाण्याची चमक तो छान कापतो. पण प्लॅस्टिकच्या फिल्मपासून बनवलेल्या पारदर्शक शिडांवर त्याने इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात आणि ते नंतर काढता येत नाहीत. विणलेल्या डेक्रॉनच्या शिडांना तो त्रास नाही.

चिठ्ठी आली. सभागृह साडेआठला रिकामं करायचंय, म्हणजे माझ्याकडे दहा मिनिटं. संपादन तर अजून सुरूच व्हायचंय. बरं, भराभर सांगतो. लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

निवड करताना पहिल्या फेरीत तुषार, सूर्य, चेहरे काही बघू नका. फक्त विचारा, वारा कुठून आहे? शीड, बूम, शिडावरचे लोकरीचे दोरे, पंचांच्या बोटीवरचे झेंडे, यांपैकी एकाने तरी उत्तर दिलं पाहिजे. नाही दिलं तर फोटो बाजूला. यातच ढीग निम्म्यावर येतो. सलग वीस फ्रेममधली सर्वांत स्पष्ट फ्रेम निवडायचा मोह होतो. तो आवरा, निर्णयाची फ्रेम निवडा.

मग क्षितिज. सरळ करायचं ते पाणी, डोलकाठी नाही. बोट किती कललीय ही माहिती आहे. तुम्ही सहज चार अंश फिरवलंत, तर वारा कमी-जास्त केलात. तलावावर एक गोची असते. समोरचा काठ तिरका दूर जात असेल, तर त्याची रेषा मुळात आडवी नसतेच. ती आडवी करायला गेलात तर सगळं वाकडं होईल. काठावरचा दिव्याचा खांब किंवा इमारतीची कड बघा, तीही चौकटीच्या मध्याजवळची. कडेच्या इमारती लेन्समुळेच झुकतात.

पांढरं शीड कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतं. मीटर सगळ्याला करडं समजतो, म्हणून शीड मळकं येतं. काढतानाच दोन तृतीयांश ते एक स्टॉप वर जा, पण हिस्टोग्रामचा उजवा काठ सांभाळून. रॉमध्ये काढा. संपादनात हायलाइट खाली घेताना शिडाच्या शिवणी आणि सुरकुत्या दिसल्या की थांबा, त्यापुढे शीड प्लॅस्टिकचं दिसतं. सावलीतलं शीड आकाशामुळे निळसर असतं. त्यावरून व्हाइट बॅलन्स घेतलात तर चेहरे पिवळे पडतील. टोपीखालचा चेहरा मास्क लावून थोडा उजळा, सगळ्या चित्राच्या सावल्या वर खेचू नका. धुरकटपणा काढणारं डीहेझ जपून, नाहीतर दुपारचं आकाश वादळासारखं दिसतं आणि वाऱ्याबद्दल पुन्हा खोटं बोललं जातं.

क्रॉप करताना बोटीच्या पुढे जागा सोडतात, ते बरोबरच. मी वाऱ्याच्या बाजूलाही सोडतो. ज्या पाण्यावरून झुळूक येतेय तिथे पाणी गडद, सुरकुतलेलं दिसतं. तो डाग कापू नका, खलाशी त्याच्याकडेच बघत असतो. सेन्सरवरची धूळ काढा. बोया, दुसरी बोट, पंच, आकडे, यांतलं काहीही काढू नका. आणि आरशातला फोटो कधीही नाही. कुणी कितीही पैसे दिले तरी नाही.

शेवटचं म्हणजे ओळ. ती फाइलच्या आत, मेटाडेटामध्ये लिहा, वेगळ्या कागदावर नको. बोटीचा प्रकार, शिडाचा आकडा, कुठला टप्पा, कोण कुठल्या टॅकवर. माझ्या फाइलींत आता पुढे एक वाक्य असतं, 'फोटो आडवा उलटवू नये, शर्यतीचा अर्थ बदलतो.' दोन ठिकाणांहून मला विचारणा झाली, की असं का? दोघांनाही दहावा नियम समजावून सांगितला, आणि दोघांनी फोटो सुलटा छापला.

तो मुलीचा मूळ फोटो आणि स्मरणिकेतलं पान, दोन्ही बाहेर टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत. जाताना बघा, बूम कुठे आहे ते शोधा, आणि काही विचारायचं असेल तर मी तिथेच उभा आहे. दिवे बंद करायला माणूस आलाय, त्याला खोळंबवू नका.